हूक वर जाण्याआधी

‘लटकत्या भाराखाली उभे राहू नका’ ही पाटी नसलेला कारखाना शोधूनही सापडणार नाही. सूचना रास्तच आहे. पण ती कुणाला उद्देशून लिहिली आहे हे पाहिले, तर ओव्हरहेड क्रेनच्या सुरक्षिततेची जबाबदारी आपण कुणावर टाकून मोकळे होतो तेही कळते. ज्या फिटरचे टेबल क्रेनच्या वाटेतच मांडले आहे, त्याने एका पाळीत किती वेळा हातातले काम टाकून बाजूला व्हायचे, आणि बाजूला म्हणजे नेमके कुठे, याबद्दल पाटी गप्प असते. टेबलाची जागा लेआउट आखणाऱ्याने ठरवलेली असते, शेडची उंची बांधकामाचा खर्च आटोक्यात ठेवताना ठरलेली असते, स्लिंग किती लांबीच्या घ्यायच्या ते खरेदी विभागाने ठरवलेले असते. आणि जॉबवर त्याचे वजन लिहायचे की नाही, हे तर कुणीच ठरवलेले नसते. पेंडंटचे, म्हणजे क्रेनखाली लटकणाऱ्या बटणपेटीचे, बटण दाबणारा माणूस या सगळ्या निर्णयांच्या शेवटी उभा असतो. अपघातानंतरची चौकशी मात्र बहुधा त्याच्यापासून सुरू होते, त्याच्यापाशीच संपते, आणि अहवालात ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ असे लिहून फाइल बंद होते. माझे म्हणणे असे, की उचल सुखरूप होणार की नाही हे हूक वर जायला लागण्याआधीच बहुतांशी ठरून गेलेले असते. हे नुसते सहानुभूतीपोटी म्हणायची गरज नाही, साध्या यंत्रशास्त्राने ते दाखवता येते.

आधी यंत्र पाहू. कोल्हापूरजवळच्या शिरोलीतली फाउंड्री असो, जालन्यातला लोखंडाचा कारखाना असो की चाकणचे प्रेस शॉप, शेडमधल्या ईओटी, म्हणजे विजेवर चालणाऱ्या ओव्हरहेड क्रेनची घडण सगळीकडे एकच. शेडच्या दोन्ही बाजूंच्या खांबांवर आडवे गर्डर, त्यांवर रूळ, रुळांवर चालणारा आडवा पूल, पुलावर चालणारी ट्रॉली, ट्रॉलीत ड्रम आणि ड्रमवर गुंडाळलेला वायर रोप. शेडच्या लांबीने पूल चालतो ती एलटी, रुंदीने ट्रॉली चालते ती सीटी आणि हूक वर-खाली होतो तो हॉइस्ट. या तिन्हींत सर्वांत जास्त काळजी घेऊन घडवलेली गती हॉइस्टची असते. तिचा ब्रेक विजेने सुटतो आणि स्प्रिंगने बसतो, म्हणजे वीज गेली तर भार आहे तिथेच थांबतो. ड्रमला खाचा असतात, रोप त्या खाचांतच बसतो, हूक फार वर जाऊ नये म्हणून लिमिट स्विच असतो. थोडक्यात, क्रेन उभ्या रेषेत उचलण्यासाठी जन्माला आलेली आहे आणि उभ्या रेषेत ती बरीच विश्वासू आहे. घोटाळा होतो तो आडव्या दिशेने, आणि आडव्या दिशेची ताकद, झोका, ओढ या गोष्टी भाराच्या वजनावरून ओळखू येत नाहीत. ‘क्रेन दहा टनांची, जॉब तीनच टनांचा, मग भीती कसली’ हा शॉपमध्ये रोज ऐकू येणारा युक्तिवाद इथेच फसतो.

झोक्याचेच घ्या. हुकाला टांगलेला भार म्हणजे लंबक, आणि लंबकाच्या एका फेरीला लागणारा वेळ त्याच्या लांबीवर ठरतो, वजनावर नाही. ड्रमपासून सहा मीटर खाली लटकणारा अर्ध्या टनाचा जॉब आणि वीस टनांचा जॉब दोघेही जवळजवळ पाच सेकंदांत एक झोका पुरा करतात. आता क्रेन मिनिटाला ४० मीटर वेगाने चालली आहे असे धरू. हा वेग माणसाच्या साध्या चालण्याच्या जेमतेम निम्मा. एवढ्या वेगात असताना क्रेन एकदम थांबवली, तर सहा मीटर खालचा भार आपल्या जागेपासून अर्धा मीटर पुढे जातो आणि तितकाच मागे येतो. म्हणजे एक मीटरभर रुंदीच्या पट्ट्यात तो फिरत राहतो. हिशेबात वजन कुठेही येत नाही. फरक पडतो तो धडकेत. अर्ध्या टनाचा जॉब माणसाला ढकलून पाडेल, वीस टनांचा जॉब त्याला खांबावर चिरडेल आणि त्या धडकेने जॉबचा स्वतःचा वेग जाणवण्याइतकाही कमी होणार नाही. हातांनी झोका अडवू पाहणाऱ्या माणसाची हीच फसगत होते. भार सावकाश येताना दिसतो, म्हणून तो अडवता येईल असे वाटते. म्हणून जॉबला दोर बांधून तो लांबून धरायचा असतो. दोन माणसांना पुरेल एवढा पाचसहा मीटर सुती दोर कुठल्याही स्टोअरमध्ये मिळतो, पण तो हुकाजवळ टांगून ठेवलेला क्वचितच दिसतो.

क्रेन जागची हलली नाही तरी झोका तयार होऊ शकतो, हे त्याहून घातक. जॉब हुकाच्या बरोबर खाली नसतो, शेजारच्या रॅकखाली किंवा दुसऱ्या बेच्या सीमेवर पडलेला असतो. क्रेन तिथवर पोचत नाही, म्हणून रोप तिरपा ओढून स्लिंग अडकवली जाते. दहा अंशांचा तिरपेपणा डोळ्याला फारसा खुपत नाही. पण सहा मीटर रोपाच्या टोकाशी दहा अंश म्हणजे एक मीटरहून थोडे जास्त अंतर. जॉब जमिनीवरून सुटला, की तो तेवढे अंतर तोडत हुकाच्या खाली येतो आणि तसाच पलीकडे जातो. तळाशी त्याचा वेग सेकंदाला सव्वा मीटरहून अधिक असतो. स्लिंग अडकवणारा खलाशी बहुधा त्याच बाजूला उभा असतो, कारण त्याने नुकतीच स्लिंग अडकवलेली असते. वर ट्रॉलीत काय होते ते खालून दिसतही नाही. तिरप्या ओढीने रोप ड्रमच्या खाचेतून बाहेर चढतो, एका वेटोळ्यावर दुसरे वेटोळे बसते, रोप गाइडचा तुकडा उडतो. त्या दिवशी काही होत नाही. चेपलेला रोप पुढच्या महिन्यात, एखाद्या अगदी सरळ आणि हलक्या उचलीत तुटतो. आणि तेव्हा दोष त्या दिवशीच्या ऑपरेटरच्या नावावर जातो.

आता खाली, स्लिंगकडे येऊ. पाण्याने भरलेली बादली दोघांनी मिळून धरली आणि दोघे जवळ जवळ चालले तर हात भरून येत नाहीत. दोघे लांब लांब सरकले की तीच बादली जड होते. दोन पायांच्या स्लिंगमध्ये नेमके हेच घडते. दहा टनांचा जॉब दोन सरळ उभ्या स्लिंगवर घेतला तर प्रत्येकीवर पाच टन येतात. दोन पायांमधला कोन ६० अंश झाला की प्रत्येक पायावर ५.७७ टन, ९० अंशांना ७.०७ टन आणि १२० अंशांना पुरे दहा टन. कोन १५० अंशांवर गेला तर प्रत्येक पाय १९ टनांहून जास्त ताण सोसत असतो, जॉब मात्र तेवढाच दहा टनांचा. मग लोक एवढा पसरट कोन करतात कशाला? बेपर्वाईने क्वचित. शेड बुटकी असते, हूक आणखी वर जाऊ शकत नाही, म्हणून लांब स्लिंग वापरता येत नाही. किंवा लांब स्लिंग स्टोअरमध्ये नसते आणि समोर गाडी उभी असते. जी चूक खलाशाची म्हणून दिसते, ती शेड बांधताना आणि स्लिंगची ऑर्डर देताना झालेली असते. लांब जॉबसाठी मध्ये आडवा स्प्रेडर बीम टाकला की स्लिंग सरळ राहतात. तो बीम कारखान्यातल्याच फॅब्रिकेशन शॉपमध्ये बनेल, मात्र त्याचे डिझाइन कुणीतरी हिशेब करून दिलेले आणि त्याची भारचाचणी झालेली हवी.

यावर जाणकार एक खरा आक्षेप घेतात. वायर रोप त्याच्यावर लिहिलेल्या भाराच्या पाचपट, सहापट ताकदीचा असतो. क्रेनचीही चाचणी सव्वापट भार टांगून घेतात. मग थोडा कोन पसरला, थोडी ओढ तिरपी झाली, तर एवढा बाऊ कशाला? आक्षेपातली आकडेवारी बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. सव्वापट भाराची चाचणी ठरवून, रिकाम्या शेडमध्ये, झटका न देता घेतात; ती रोजच्या कामाची परवानगी नसते. आणि पाचपट ताकद ही अशा गोष्टींसाठी राखून ठेवलेली असते ज्या कुणी मोजत नाही. कोनाने त्यातला अर्धा हिस्सा खाल्ला. वायर रोप स्वतःच्या जाडीएवढ्याच गोलाईवर वळवला तर त्याची ताकद जवळपास निम्मी होते, आणि धारदार कडेवर त्याहूनही कमी. म्हणजे कडेला पॅड न लावल्याने आणखी अर्धी गेली. सैल स्लिंग एकदम ताणली तर भार झटक्याने बसतो, आणि एकदम बसलेला भार यंत्रशास्त्राच्या हिशेबाने स्थिर भाराच्या दुपटीएवढा ताण देतो. शिवाय झिजलेल्या तारा आणि गंज. हे सगळे एकमेकांत मिळवले जात नाही, गुणले जाते. पाचपटीची राखीव पुंजी अशी तीन-चार साध्या सवयींत संपते, आणि ती संपत आल्याचे कुठलेही चिन्ह हुकावर दिसत नाही. आय बोल्टचे, म्हणजे जॉबवर बसवायच्या कडीच्या बोल्टचे, तर आणखी वाईट. सरळ वर ओढल्यावर पेलणारा बोल्ट ४५ अंशांनी ओढला की त्याची क्षमता निम्म्याहूनही खाली जाते, आणि तरी स्लिंगच्या दोन्ही पायांना आय बोल्ट तिरपेच ताणलेले दिसतात.

या सगळ्या गोष्टी एकाच वेळी पाहायच्या असतील तर प्रेस शॉपमध्ये डाय पलटवताना पाहाव्यात. आठ टनांची डाय जमिनीवर आडवी पडलेली आहे. एका बाजूच्या दोन पिनांना स्लिंग लावून ती दुसऱ्या कडेवर उभी करायची आणि मग पलीकडे निजवायची. सुरुवातीला हुकावर साधारण चारच टन येतात, कारण उरलेले वजन जमिनीवरच्या कडेवर आहे. डाय जसजशी उभी होते, तसतसा तिचा गुरुत्वमध्य त्या कडेच्या वर सरकतो आणि हुकावरचा भार कमी कमी होत जातो. गुरुत्वमध्य कडेच्या बरोबर डोक्यावर आला, की हुकावर जवळजवळ काहीच राहत नाही. स्लिंग सैल पडू लागते. नेमक्या याच क्षणी बघणाऱ्याला वाटते की काम झाले. त्यानंतर केसभर पुढे सरकताच डाय आपल्याच वजनाने पलीकडे कलते, सैल स्लिंग ताणली जाते आणि ती ताणली जाते ती झटक्यानेच. कड त्याच वेळी जमिनीवरून घसरते, कारण फरशीवर तेल असते. सगळा खेळ दोन-तीन सेकंदांचा. एवढ्या वेळात बटण सोडून किंवा दाबून तो सावरता येत नाही. ऑपरेटर कितीही तरबेज असो. डाय हवेतच दोन हुकांवर फिरवली तर हा झटका टळतो, पण तिथेही एक गफलत हमखास होते. दोन हूक आहेत म्हणून प्रत्येकावर निम्मा भार येईल असे धरले जाते. फिरवताना डाय उभी होते त्या स्थितीत सगळे आठ टन एकाच हुकावर येतात, म्हणून प्रत्येक हूक पुऱ्या आठ टनांचा हवा. ज्या शॉपमध्ये रोज डाय पलटतात तिथे पलटवणारे टेबल घ्यावे, हे माझे सरळ मत आहे. ते परवडत नसेल तर निदान कडेखाली लाकडी स्लीपर, तेल पुसलेली फरशी आणि डायच्या उंचीच्या दुपटीहून जास्त अंतरावर माणसे, एवढे तरी हवे.

‘आमचा ऑपरेटर वीस वर्षांचा जुना आहे, त्याला हे शिकवायला नको’ हा दुसरा आक्षेप. अशा माणसाचे कौशल्य खरोखर बघण्यासारखे असते. क्रेन थांबवल्यावर भार पुढे जातो, त्या झोक्याच्या टोकाशी तो क्षणभर थबकतो. नेमक्या त्या क्षणी ट्रॉली हलकीच त्याच्या डोक्यावर नेली की झोका जागीच मरतो. चांगला ऑपरेटर हे न मोजता, हाताच्या अंदाजाने करतो. लंबकाचे सूत्र त्याने पाहिलेलेही नसते. पण हा हात त्याला स्लिंगच्या आत तुटलेल्या तारा दाखवत नाही, जॉबच्या पोटातला कोअर कुठे आहे आणि त्यामुळे गुरुत्वमध्य कुठे सरकला आहे ते सांगत नाही. अनुभवाचा दुसरा एक दोषही आहे, त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. राखीव ताकद मोठी असल्यामुळे चुकीची उचलही बहुतेक वेळा सुखरूप पार पडते. वीस वर्षे तिरपी ओढ करून काही झाले नाही, हा अनुभव तिरपी ओढ चालते असेच शिकवतो. ‘काही झाले नाही’ हा पुरावा अशा यंत्राच्या बाबतीत फार कच्चा आहे. आणि ज्या दिवशी हा जुना माणूस रजेवर असतो, त्या दिवशी पेंडंट ठेकेदाराच्या नव्या पोराच्या हातात जातो. त्याच्याकडे त्या वीस वर्षांतले काहीच आलेले नसते, कारण ते कुठे लिहून ठेवलेलेच नसते.

हाताच्या दिशेचाच एक साधा गोंधळ बघा. पेंडंटवर चार बाण असतात. ऑपरेटर भाराबरोबर चालत जातो, वळतो, आणि त्याच्या दृष्टीने डावे-उजवे उलटते. बाण मात्र पुलाच्या दिशेने पक्के असतात. रेडिओ रिमोटने हा गोंधळ वाढतो, कारण माणूस शेडमध्ये कुठेही उभा राहू शकतो. तोडगा इतका स्वस्त आहे की तो न करण्याचे कारण सापडत नाही. पुलाच्या पोटावर चारही दिशांना खालून वाचता येतील एवढी मोठी अक्षरे किंवा रंग रंगवायचे, आणि तीच अक्षरे, तेच रंग बटणांवर.

यंत्रातल्या संरक्षणावर विसंबण्यालाही मर्यादा आहे. वरचा लिमिट स्विच हा शेवटचा आधार. अमेरिकेच्या ‘ओशा’ या कामगार-सुरक्षा संस्थेच्या नियमांत तो रोजच्या कामात हूक थांबवायला वापरू नये असे स्पष्ट म्हटले आहे, आणि प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला तो रिकाम्या हुकाने, अगदी सावकाश वर नेऊन तपासावा असेही. हूक खाली नेतानाही ड्रमवर निदान दोन पूर्ण वेढे उरले पाहिजेत, असा त्याच नियमांतला दंडक आहे. आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये मात्र ‘लिमिटपर्यंत जाऊ दे, आपोआप थांबते’ हे सर्रास ऐकू येते. ते आपोआप थांबत नाही अशी एक परिस्थिती मुद्दाम सांगतो. दुरुस्तीत किंवा केबल बदलताना तीन फेजपैकी दोन तारांची अदलाबदल झाली, तर मोटर उलटी फिरते. ‘खाली’चे बटण दाबले की हूक वर जातो. वरचा लिमिट स्विच कंट्रोल सर्किटमध्ये बसवलेला असेल तर तो ‘वर’च्या कॉन्टॅक्टरची वीज तोडतो. इथे हूक वर चालला आहे तो ‘खाली’च्या कॉन्टॅक्टरवर. स्विच आपले काम चोख करतो आणि हूक तरीही वर जाऊन ड्रमला भिडतो, रोप तुटतो. रोप बदलल्यावरही असेच. ड्रमचे फेरे मोजणारा लिमिट स्विच नव्या रोपाप्रमाणे पुन्हा जुळवावा लागतो. विजेच्या किंवा रोपाच्या कुठल्याही कामानंतर तिन्ही गती रिकाम्या हुकाने तपासल्याशिवाय क्रेन उत्पादनाच्या ताब्यात द्यायची नाही, एवढा नियम या दोन्हींना पुरतो. फेज उलटी झाली की क्रेन चालूच न देणारा रिलेही मिळतो.

मग नवी इलेक्ट्रॉनिक साधने आली की हा सगळा प्रश्न मिटेल काय? काही अंशी मिटेल, आणि ती घ्यावीतच. सुरुवातीचा व थांबण्याचा झटका मारणारी ड्राइव्ह, रोपाची लांबी लक्षात घेऊन झोका कमी करणारी यंत्रणा, एकाच रुळावरच्या दोन क्रेनना धडकू न देणारे सेन्सर, हे सगळे उपयोगाचे आहे. रेडिओ रिमोट तर ऑपरेटरला भारापासून लांब उभे राहू देतो, हा फार मोठा फायदा. पण लोड लिमिटरवरच्या श्रद्धेबद्दल सावध केले पाहिजे. तो हुकावरचे एकूण वजन मोजतो. दहा टनांच्या जॉबच्या वरच्या उदाहरणात कोन १२० अंशांचा असो की ६० अंशांचा, हुकावर दहाच टन असतात आणि पडद्यावर दहाच दिसतात. स्लिंगच्या एकेका पायावर किती ताण आहे, पॅड लावला आहे की नाही, आय बोल्ट वाकतो आहे का, यातले काहीही त्याला कळत नाही. हुकाच्या वरचे सगळे इलेक्ट्रॉनिक साधने सांभाळतील. हुकाखालचे माणसालाच आधी ठरवावे लागते.

निर्णय आधी होतात आणि किंमत नंतर मोजावी लागते, याचा सर्वांत भीषण दाखला चीनमधला आहे. १८ एप्रिल २००७ रोजी लिआओनिंग प्रांतातल्या तिएलिंग इथे छिंगहे स्पेशल स्टील कारखान्यात क्रेनवरून नेली जाणारी वितळलेल्या पोलादाची लेडल खाली पडली. त्यात ३० टन पोलाद होते, तापमान सुमारे १५०० अंश सेल्सिअस. जवळच्याच एका खोलीत पाळी बदलताना कामगार जमले होते. पोलाद त्या खोलीत शिरले आणि ३२ जण मेले. प्राथमिक चौकशीत ठपका आला तो उपकरणाच्या निवडीवर. वितळलेला धातू उचलण्यासाठी खास बनवलेली क्रेन वापरण्याऐवजी तिथे सर्वसाधारण कामाची क्रेन वापरली जात होती. क्रेन विकत घेणाऱ्याने आणि ती खोली तिथे ठेवणाऱ्याने आपापले निर्णय कितीतरी आधी घेतले होते. त्या सकाळी ऑपरेटरने कितीही डोळ्यांत तेल घातले असते, तरी त्या दोन निर्णयांपुढे त्याचे काही चालले नसते. आपल्याकडच्या फाउंड्रीत लेडलच्या वाटेवर ऑफिसची केबिन किंवा पाण्याचा कूलर आहे का, हे आजच पाहता येईल. कूलर ठेवायला जागा सावलीची बघतात, क्रेनची वाट कुणी बघत नाही.

इथे हेल्मेटचा विषय एकदाच संपवून टाकू. युरोपीय मानकानुसार हेल्मेटची चाचणी पाच किलो वजन एक मीटरवरून टाकून घेतात, म्हणजे साधारण ४९ ज्यूल. एक टनाचा जॉब तेवढ्याच उंचीवरून पडला तर तो ९,८०० ज्यूल घेऊन येतो. वरून पडणाऱ्या नट-बोल्टसाठी हेल्मेट अत्यावश्यक आहे. भारासाठी त्याचा काही उपयोग नाही; तिथे माणूस कुठे उभा आहे हेच महत्त्वाचे.

आपल्या कायद्याला माणसाच्या जागेचे हे महत्त्व फार आधी कळले होते. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९ नुसार उचलण्याची यंत्रे, दोर आणि साखळ्या सक्षम व्यक्तीकडून १२ महिन्यांतून निदान एकदा तपासून घ्याव्या लागत, सुरक्षित भार त्यांच्यावर स्पष्ट लिहावा लागे आणि ते शक्य नसेल तिथे त्याचा तक्ता ठळक जागी लावावा लागे. याच कलमात एक तरतूद होती जिच्याकडे कमी लक्ष जाई: क्रेनच्या रुळावर किंवा रुळाजवळ, क्रेनचा धक्का बसू शकेल अशा जागी कुणी काम करत असेल, तर क्रेन त्या जागेपासून सहा मीटरच्या आत येणार नाही अशी परिणामकारक व्यवस्था करायची. रंगारी, बल्ब बदलणारा वायरमन, पत्रा दुरुस्त करणारा, हे खालून दिसत नाहीत. त्यांना वाचवायला ‘लक्ष ठेव रे’ एवढे सांगणे म्हणजे व्यवस्था नव्हे. वीज तोडून त्या स्विचला कुलूप आणि किल्ली वर चढणाऱ्याच्या खिशात, ही व्यवस्था. वार्षिक तपासणीच्या दाखल्याबद्दलही भ्रम नको. दाखला त्या दिवसापुरता खरा असतो. दुसऱ्याच दिवशी धारदार कडेवर स्लिंग कापली गेली, तरी दाखल्याची मुदत संपायला वर्ष बाकी असते. रोजची तपासणी करणारा माणूस, आणि खराब स्लिंग तिथल्या तिथे कापून भंगारात टाकण्याचा त्याचा अधिकार, यांना दाखला पर्याय होत नाही. नुसती बाजूला ठेवलेली खराब स्लिंग रात्रपाळीत पुन्हा हुकावर येते.

शेवटचा आक्षेप वेळेचा, आणि तो छोट्या कारखानदाराचा असतो. दहा माणसे, एक पाच टनांची क्रेन, वेगळा खलाशी नाही, स्लिंग अडकवणारा आणि बटण दाबणारा एकच. त्याला प्रत्येक उचलीचा आराखडा लिहायला सांगणे हास्यास्पद होईल, आणि तसे कुणी सांगूही नये. त्याच्या शॉपमध्ये नेहमीचे जॉब तीस-चाळीस असतात. त्या प्रत्येकाची स्लिंग, अडकवण्याच्या जागा आणि नेण्याची वाट एकदाच ठरवून ठेवली, तर रोज लागणारा वेळ उलट कमी होतो. कारण आज तो वेळ अंदाज बांधण्यात, स्लिंग शोधण्यात आणि भार दोनदा खाली ठेवून पुन्हा बांधण्यात जातो. नवीन किंवा अवजड जॉब आला, तर तो जमिनीपासून दहा-पंधरा सेंटिमीटर उचलून क्षणभर थांबायचे. ब्रेक धरतो का, जॉब कलतो का, हे तेवढ्यात कळते, आणि कलला तर तो पडायला उंचीच नसते. खर्चाची सुरुवात करायची तर रंगाच्या एका डब्यापासून करावी. आपल्या शॉपमधल्या प्रत्येक डायवर, फिक्श्चरवर आणि पॅटर्नवर त्याचे वजन किलोत रंगवा, गुरुत्वमध्याच्या जागी एक ठळक खूण करा. ज्यावर वजन लिहिलेले नाही ते उचलायला नकार देण्याचा अधिकार ऑपरेटरला लेखी द्या, आणि त्या कागदावर सुपरवायझरची नको, मालकाची सही असू द्या.